कावळ्यांची वाट आणि शेतकऱ्याचं दार: पेनसिल्व्हेनियात कावळ्यांच्या शिकारीसाठी जागा कशी शोधावी, परवानगी कशी मागावी

लँकेस्टर काउंटीतल्या एका शेतकऱ्याने मला पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं, तेव्हा त्याच्या मुरघासाच्या, म्हणजे गुरांसाठी झाकून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, ढिगावर शंभरेक कावळे बसलेले होते. वरच्या प्लॅस्टिकची त्यांनी टोचून टोचून चाळणी केली होती आणि भोकं बुजवायला लावलेल्या पांढऱ्या चिकटपट्ट्या लांबूनही दिसत होत्या. त्याला कावळे नको होते, मला हवे होते, तरी सौदा जमला नाही. गाडीत परत बसल्यावर कारण कळलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे ऐन दूध काढायची वेळ. मी अंगात जंगली ठिपक्यांचं जॅकेट घालून गेलो होतो आणि गाडी नेमकी त्याच्या वाटेच्या तोंडाशी आडवी लावली होती. शिवाय मी विचारलं काय, तर ‘तुमच्या शेतात शिकार केली तर चालेल का?’ कोणती शिकार, कधी, कोण, किती जण, काहीच नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हाकलून दिलं असतं.

त्यानंतरच्या काही हिवाळ्यांत जे शिकलो ते इथे मांडतोय. बंदूक कोणती, कावळ्यांना बोलावणारं आवाजाचं यंत्र कोणतं, यावर लिहिणारे भरपूर आहेत. पण कावळ्यांच्या शिकारीतलं खरं काम बंदूक कपाटात असतानाच होतं: आधी रस्त्यावरून कावळे बघायचे, मग नकाशा बघायचा, मग माणसाकडे जायचं. हा क्रम उलटा केला की माझ्यासारखं होतं.

आधी कायदा, थोडक्यात पण नीट

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो, हा लेख अमेरिकेपुरता आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी पाचवी अनुसूची होती आणि उंदरांच्या पंगतीत कावळाही तिथे ‘उपद्रवी’ म्हणून बसलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे. ‘कावळ्याला कोण विचारतंय’ हे जुनं ज्ञान तिकडे आता चालत नाही.

अमेरिकेत कावळा १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली येतो. मुळात तो त्यात नव्हता. मेक्सिकोबरोबरच्या करारात १९७२ साली दुरुस्ती झाली तेव्हा आला. त्यामुळे संघराज्याची चौकट अशी: हंगाम राज्याने ठरवायचा, पण वर्षात १२४ दिवसांहून जास्त नाही आणि अंडी-पिल्लांच्या ऐन काळात नाही. पेनसिल्व्हेनियाने हे दिवस शिताफीने वाटले आहेत. हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पण फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. आठवड्याला तीन धरून हिशेब करा, १२४ च्या जरा आत बसतो. या राज्यात रविवारच्या शिकारीवर शतकभराहून जास्त काळ बंदी होती, पण तेव्हाही कोल्हा, कायोट आणि कावळा यांना सूट होती. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, म्हणून गेम कमिशनचं, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्याचं, त्या वर्षीचं पत्रक बघा. शेजारच्या राज्याचे नियम वेगळे असतात. ओहायोत तर शेतमालकाची परवानगी लेखीच लागते आणि ती खिशात असावी लागते.

आता एच-१बी, एल-१, एफ-१ वाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेत संघराज्याचा गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ म्हणणंसुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलैला सुरू होतो आणि पुढच्या ३० जूनला संपतो. तो संपला आणि बंदूक घरात राहिली, तर अपवादही संपला. ग्रीन कार्ड असलेल्यांना हा प्रश्न येत नाही. अर्ज कुठेतरी अडकलेला असेल तर आधी वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नाही. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. तो मनापासून करा; शेतकऱ्याच्या दारात ‘कोर्स केलाय’ या दोन शब्दांना वजन असतं.

पक्षी ओळखायची सवयही आधीच लावून घ्या. इथला कावळा आपल्या गावकावळ्यासारखा राखाडी मानेचा नसतो, डोमकावळ्यासारखा सगळाच काळा असतो. त्याचा थोरला भाऊ रेव्हन, त्याला संरक्षण आहे. रेव्हनची शेपटी उडताना पाचरीसारखी दिसते, गळ्याखाली दाढी असते आणि आवाज ‘काव’ नसून घशातून आलेला घोगरा ‘क्रॉक’ असतो. शंका आली तर बंदूक खाली.

रातथारा: सुरुवात शहरातून

जागा शोधायची म्हणजे गावोगाव गाडी फिरवत ‘कुठे कावळे दिसतात का’ बघायचं, असं मला वाटायचं. त्यात पेट्रोल जातं, बाकी काही नाही. हिवाळ्यात कावळे हजारोंच्या संख्येने एका ठिकाणी रात्र काढतात, तो रातथारा आधी शोधायचा. तो बहुतेक वेळा शहरात सापडतो: उबदार, उजेडाचा, मोठ्या घुबडापासून जरा सुरक्षित. लँकेस्टर शहरात पार्क सिटी मॉलच्या आसपास वर्षानुवर्षं कावळ्यांचे असे मेळे भरत आले आहेत आणि लोक फटाके, लेझर वापरून त्यांना हुसकावत आले आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं ऑबर्न, इलिनॉयमधलं डॅनव्हिल हीही अशीच कावळ्यांची गावं. तुमच्या जवळचा रातथारा कुठला हे स्थानिक बातम्यांतून कळतं, कारण लोक गाड्यांवरच्या घाणीबद्दल दर हिवाळ्याला तक्रार करतात.

रातथाऱ्यावर शिकार करायची नाही. शहरात ती बेकायदा आहेच, पण शहराबाहेरच्या रानात रातथारा सापडला तरी नको. एकदा तिथे बार उडाले की हजारो कावळे दुसऱ्याच काउंटीत मुक्काम हलवतात आणि तुमचा अख्खा हिवाळा गेला. १९४० साली इलिनॉयमधल्या रॉकफर्डजवळ रातथाऱ्याच्या झाडांवर सुरुंग लावून एका रात्रीत तीन लाखांहून जास्त कावळे मारल्याची नोंद आहे. ती शिकार नव्हती, कत्तल होती; आणि कावळे आजही आहेतच.

आपल्याला हवी ती रातथाऱ्याकडे येणारी वाट.

वाट कशी शोधायची

डिसेंबरअखेर लँकेस्टरला पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणून दुपारी तीनलाच शहराच्या कडेला, उंचवट्यावर, गाडी उभी करता येईल अशा सार्वजनिक जागी जाऊन बसा. दुर्बीण, फोनमधलं होकायंत्र आणि कागद. सव्वातीन-साडेतीनपासून कावळे यायला लागतात. सुरुवातीला पाच-सात, मग वीस-तीस, मग सलग माळ. कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: वेळ, दिशा, अंदाजे संख्या. एका संध्याकाळी लक्षात येतं की हे चहूकडून येत नाहीत, तीन-चार ठरावीक ओळींनी येतात. कुठे ओढ्याच्या काठाने, कुठे विजेच्या मोठ्या तारांच्या रेषेने, कुठे टेकडीच्या खांद्यावरून. आमच्याकडे कॉनेस्टोगा नदीचं वळण आणि पिक्विया ओढ्याचा काठ नेहमी एकदा तपासावा असा.

दुसऱ्या आठवड्यात त्या ओळींतली सगळ्यात जाड ओळ पकडायची आणि तिच्या उलट्या दिशेला तीन-चार मैल बाहेर जायचं. पुन्हा बसायचं. तिसऱ्या वेळी आणखी तीन-चार मैल. प्रत्येक जागेवरून दिशेची रेघ नकाशावर ओढली की त्या रेघा एका पट्ट्यात पडतात. हा पट्टा म्हणजे तुमची वाट. यात घाई करणारे एकाच संध्याकाळी गाडीने कावळ्यांच्या मागे धावतात. कावळा सरळ जातो, रस्ता नाही. शेवटी तुम्ही कुणाच्या तरी खळ्यात पोचता आणि पुन्हा गाडी आडवी लावता.

संध्याकाळ वाट दाखवते, पण जागा सकाळ दाखवते. संध्याकाळी परतणारे कावळे पुष्कळदा इतक्या उंचीवरून जातात की बारा बोअरच्या बंदुकीचा तिथे काही उपयोग नाही. तिची खरी पोच तीस-पस्तीस यार्डांची. सकाळी मात्र ते उजाडण्याच्या आधी निघतात आणि खाण्याच्या जागी खाली उतरतात. म्हणून वाट सापडली की शनिवार-रविवारच्या पहाटे त्या पट्ट्यातल्या गावरस्त्यांवर फिरा आणि ते कुठे उतरतात ते टिपा. हिवाळ्यात तीन जागा सहसा चुकत नाहीत: मका काढून झालेली, सांडलेले दाणे असलेली शेतं, मुरघासाचे उघडे ढीग, आणि नुकतंच शेणखत पसरलेलं शेत.

शेणखताचं एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. आमिश (मोटारी, घरात फोन न ठेवणारा इथला जुन्या वळणाचा ख्रिस्ती समाज) शेतकरी खेचरांच्या जोड्या लावून खताची गाडी ओढत होता, मागे फिरणाऱ्या दात्यांतून शेण उडत होतं आणि त्याच्या मागे साठ-सत्तर पावलांवर कावळे चालत होते. उडत नव्हते, चालत होते, नांगरामागे बगळे चालतात तसे. शेणात न पचलेले मक्याचे दाणे असतात. त्या शेताच्या एका बाजूला झाडोऱ्याची रांग होती, आणि वाऱ्याच्या दिवशी कावळे तिच्या आडोशाने अगदी खालून येत होते. समोरचा वारा असला की कावळा जमिनीलगत उडतो, हे तेव्हा कळलं. अशी जागा नकाशावर नुसती बघून सापडली नसती.

वाट, खाणं आणि आडोशाची झाडं ही तिन्ही जिथे एकत्र येतात अशा चार-पाच जागा हेरा. एक नको. कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा जाता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून एक प्रयोग केला: ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडून सोडले, आणि पुढे वर्षानुवर्षं तो मुखवटा दिसला की कावळे त्या माणसावर कल्ला करायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही. तिथे नुसतं पकडून सोडलं होतं, इथे तर बार उडालेले असतात. एका शेतात महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही, असा माझा हिशेब आहे.

शेत कुणाचं

काउंटीच्या संकेतस्थळावर जमिनींचा नकाशा फुकट असतो; तुकड्यावर बोट ठेवलं की मालकाचं नाव येतं. ऑनएक्ससारखी अ‍ॅप्स पैसे घेतात, पण शेतात उभं असताना हद्द कुठे आहे ते दाखवतात. ती सोय मोलाची आहे. मात्र लँकेस्टरमध्ये एक गंमत होते. नकाशावर सलग दहा शेतं एकाच आडनावाची निघतात आणि त्यातली तीन नावंही सारखीच. आपल्याकडच्या एखाद्या वाडीत सगळे एकाच भावकीचे असतात, तसंच. नावावरून दार शोधायला जाऊ नका, शेतावरून घर शोधा.

दुसरी गोष्ट, मालक आणि कसणारा एकच असेलच असं नाही. मालक शहरात राहतो आणि शेत शेजाऱ्याने खंडाने घेतलंय, हे इथेही नेहमीचं आहे. मी एकदा कसणाऱ्याची परवानगी घेऊन निर्धास्त बसलो आणि तासाभरात मालकाचा मुलगा येऊन उभा राहिला. माणूस सभ्य होता म्हणून निभावलं. आता मी दारातच विचारतो, ‘जमीन तुमचीच ना? आणखी कुणाला विचारायला हवं?’

झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ते सजावटीचे नाहीत. पेनसिल्व्हेनियात २०२० पासून (फिलाडेल्फिया आणि अ‍ॅलेगेनी या दोन काउंट्या सोडून) त्या पट्ट्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ या पाटीइतकाच पक्का आहे. आणि पाटी नाही, पट्टा नाही, म्हणजे मोकळं रान, असंही धरू नका.

मग नकाशावर वर्तुळं काढा. पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून, शेतातल्या वापरातल्या इमारतींपासून १५० यार्ड, म्हणजे साधारण १३७ मीटर, हे सुरक्षित क्षेत्र. तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या आत शिकार नाही. शाळेच्या खेळाच्या मैदानालाही हेच अंतर आहे. आमिश मुलांच्या एका खोलीच्या शाळा शेताच्या मधोमध असतात आणि शुक्रवारी तिथे मुलं असतात, हे लक्षात ठेवा. लँकेस्टरची शेतं लहान, घरं जवळजवळ. प्रत्येक घराभोवती वर्तुळ काढलं की साठ-सत्तर एकरांच्या शेतात बसायला जेमतेम एक कोपरा उरतो, आणि तोही पुष्कळदा शेजाऱ्याच्या वर्तुळात जातो. अशा वेळी परवानगी दोन घरांची लागते. हे घरी बसून कळलं तर बरं, आडोशात बसल्यावर नको.

कुणाला विचारायचं

ज्याचं नुकसान होतंय त्याला. हे इतकं सरळ आहे, तरी लोक मोठं, देखणं शेत बघून दार वाजवतात. मुरघास ठेवणारे दुग्ध व्यावसायिक, गोड मका लावणारे, वसंतात मक्याचे कोंब उपटले गेलेले, कलिंगडं टोचली गेलेली. दक्षिणेत जॉर्जिया, टेक्सास, ओक्लाहोमाकडे असाल तर पिकान नावाच्या अक्रोडासारख्या फळांच्या बागा. अशा माणसाला तुमच्याबद्दल आपुलकी वाटायची गरज नाही, कावळ्यांबद्दल राग पुरतो. हरणांसाठी परवानगी मागणाऱ्यांची रांग लागलेली असते आणि शेतकरी त्याला कंटाळलेला असतो. कावळ्यांसाठी विचारणारा क्वचितच येतो. म्हणूनच पहिल्याच वाक्यात ‘फक्त कावळे’ हे शब्द आले पाहिजेत.

एक सावधगिरी. वैतागलेला शेतकरी म्हणतो, ‘मंगळवारी ये, बुधवारी ये, दिसेल तेवढे मार.’ पिकाचं नुकसान करणाऱ्या कावळ्यांसाठी संघराज्याचा वेगळा नियम आहे खरा, पण तो तुमच्या हौसेसाठी नाही. तुम्ही परवान्यावरचे शिकारी आहात. शुक्रवार, शनिवार, रविवार. नम्रपणे तसं सांगितलं तर माणूस नाराज होत नाही, उलट हा नियमाने वागणारा दिसतोय असं त्याच्या मनात बसतं.

दारात

जायची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन. पहाटे आणि संध्याकाळी दूध काढायचं असतं. आमिश घर असेल तर रविवारी अजिबात नाही, शिकारीचा दिवस असला तरी विचारायला नाही. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरलाही त्यांची सुट्टी असते. नोव्हेंबरात मंगळवार आणि गुरुवार टाळा. आमिश लग्नं बहुतेक त्या दोन दिवशी असतात आणि अख्खी आळी तिकडे गेलेली असते.

जंगली ठिपक्यांचे कपडे नकोत. बंदूक गाडीतही नको. एकटे जा किंवा घरच्या पोराला घेऊन जा. चार दाढीवाले मित्र गाडीतून उतरले की दार उघडण्याआधीच उत्तर ठरतं. गाडी अशी लावा की बग्गी सहज बाहेर पडेल. आमिश घरात समोरच्या दाराने सहसा कुणी ये-जा करत नाही, बाजूचं किंवा मागचं दार वाजवा. फोटो काढू नका, कुत्र्याचासुद्धा नाही.

बोलायचं थोडकं आणि नेमकं. मी साधारण असं बोलतो:

‘नमस्कार, मी इथून पंधरा मैलांवर राहतो. गेले दोन आठवडे रस्त्यावरून बघतोय, तुमच्या मुरघासावर रोज सकाळी कावळे उतरतात. मी कावळ्यांची शिकार करतो, दुसरं काही नाही. जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी सकाळी दोन तास, त्या ओढ्याकडच्या झाडांच्या रांगेत, आम्ही दोघं जण. गाडी तुम्ही सांगाल तिथे लावू. चालेल का?’

यात ‘दोन आठवडे बघतोय’ हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. समोरच्याला कळतं की हा सहज आलेला नाही. मग गप्प बसायचं. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच ‘नाही म्हणजे, तुम्हाला अडचण असेल तर…’ सुरू करतो. तसं करू नका. शेतकरी सावकाश विचार करतो. तो बहुतेक वेळा कावळ्यांबद्दलच बोलायला लागतो: गेल्या मे महिन्यात मक्याच्या किती ओळी उपटल्या, प्लॅस्टिक किती वेळा चिकटवलं. ऐका. त्यातच तुम्हाला हवी ती माहितीही येते, म्हणजे ते किती वाजता येतात, कुठल्या बाजूने.

‘नाही’ आलं तर आभार मानून निघायचं, कारण विचारायचं नाही. एकाने मला नाही म्हटलं आणि वर ‘माझ्या मेव्हण्याकडे जा, त्याच्याकडे जास्त आहेत’ असं सांगून रस्ता दाखवला. भावकीचा हा फायदा.

पैसे देऊ करू नका. यात शिष्टाचारापलीकडचा मुद्दा आहे. पेनसिल्व्हेनियात १९६६ पासूनचा एक कायदा असा आहे की, करमणुकीसाठी लोकांना फुकट जमीन वापरू देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी फारशी येत नाही. मोबदला घेतला की हे कवच जातं. नोटा काढून तुम्ही त्याला नकळत अडचणीत आणता. हा कायदा दारात उभं राहून समजावत बसू नका, पण त्याने ‘कुणाला लागलं तर?’ असं विचारलं तर सांगायला माहीत असू द्या.

कागद

होकार मिळाला की लगेच एक चिठ्ठी काढायची. दोन प्रती, हाताने लिहिल्या तरी चालतात: तुमचं नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, बरोबर येणाऱ्याचं नाव, कुठला भाग, कुठल्या तारखा, ‘फक्त कावळे’, आणि दोघांच्या सह्या. एक प्रत त्याला, एक तुमच्या खिशात. गेम कमिशनचा वॉर्डन आला तर ती दाखवता येते आणि शेतकऱ्याच्या बायकोने बार ऐकून ‘कोण आहे तिकडे?’ विचारलं तर भिंतीवर लावलेली असते. आमिश घरात फोन नसतो. असलाच तर शेताच्या कडेला खोपट्यात असतो आणि त्यावर निरोप ठेवावा लागतो. म्हणून ‘निघण्याआधी मेसेज करतो’ असं आश्वासन देऊ नका. आदल्या दिवशी समक्ष जाऊन सांगा.

चिठ्ठी लिहितानाच चार प्रश्न विचारून घ्या. जनावरं कुठल्या कुरणात असतील? घोडे, खेचरं बाराला बुजतात का? शेजाऱ्यांपैकी कुणाला कळवायला हवं? आणि कोंबड्यांची शेड कुठे आहे? शेवटचा प्रश्न लँकेस्टरमध्ये फार महत्त्वाचा. २०२२ च्या एप्रिलमध्ये इथल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला तेव्हापासून शेतकरी बुटांच्या तळव्यांकडे बघतात. शेडच्या बाजूने चालत जाऊ नका. गाडीत बादली, ब्रश, जंतुनाशक ठेवा आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना बूट धुवा. हे करताना त्याने पाहिलं तर पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच निम्मी झाली.

त्या सकाळी

ठरलेल्या जागी गाडी, ठरलेल्या रांगेत आडोसा, ठरलेली माणसं. आयत्या वेळी तिसरा मित्र आणू नका. रस्त्याच्या दिशेने बार नाही. बग्गी येताना दिसली की बंदूक खाली आणि आवाजाचं यंत्र बंद, घोडा पुढे जाईपर्यंत. कावळ्यासाठी रायफल नको. वर गेलेली गोळी मैलावर कुठेतरी खाली येते. छर्ऱ्यांची बंदूक पुरते.

दोन तास सांगितले तर दोन तासांत उठा, कावळे येत असले तरी. टरफलं मोजून उचला. बर्फात पडलेलं लाल टरफल बर्फ वितळल्यावर शेतकऱ्याला सापडतं. मेलेले कावळे मागे टाकू नका. हातमोजे घाला, पिशव्यांत भरा आणि त्यांचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवलेलं असू द्या. वेस्ट नाईल तापाने १९९९ पासून या देशात कावळे मेले आहेत, त्यामुळे उघड्या हाताने उचलायची सवय लावूच नका. मेलेला किंवा झिंगल्यासारखा कावळा आधीच शेतात दिसला तर त्याला हात न लावता शेतकऱ्याला आणि गेम कमिशनला कळवा.

निघताना दारात जाऊन किती मिळाले ते सांगा, चार असले तरी चार. मी एकदा दिवाळीतल्या शंकरपाळ्यांचा डबा देऊन आलो होतो. पुढच्या वेळी त्याच डब्यातून आंबटगोड लोणच्यासारखं चाऊ-चाऊ परत आलं. डबा रिकामा परत करायचा नाही हे त्यांच्यातही आहे.

घरचा एक नियमही सांगून टाकतो. हंगाम सप्टेंबरात चालू असतो, पण पितृपक्षाचे पंधरा दिवस माझी बंदूक कपाटातून बाहेर येत नाही. राज्याचा तसा कायदा नाही, आईचा आहे.

परवानगी सापडत नसेल तर

गेम कमिशनच्या स्वतःच्या सुमारे १५ लाख एकर जमिनी राज्यभर पसरलेल्या आहेत, शिवाय ज्यांनी आपली शेतं शिकाऱ्यांसाठी कमिशनमार्फत खुली ठेवली आहेत असे खासगी मालकही आहेत. तिथेही जाण्याआधी दार वाजवावं. अडचण इतकीच की सार्वजनिक जमीन बहुतेक रानाची आणि कावळ्यांचं खाणं शेतात. वाट सार्वजनिक जमिनीच्या कडेवरून जात असेल तर मात्र वाऱ्याच्या दिवशी ती जागा सोन्यासारखी. कॅन्ससकडे राहणाऱ्यांचं नशीब चांगलं. तिथे राज्याने भाड्याने घेऊन शिकाऱ्यांसाठी खुली केलेली खासगी जमीन दहा लाख एकरांच्या वर आहे.

हंगाम संपला की एप्रिलच्या शेवटाला मी प्रत्येक शेतावर एकदा जातो, बंदुकीशिवाय. पेरणीची धांदल असते म्हणून दोनच मिनिटं. चिठ्ठीची मुदत संपलेली असते, ती परत देतो आणि पुढच्या हिवाळ्यासाठी पुन्हा विचारू का एवढंच विचारतो. ज्याने पहिल्यांदा मला हाकललं होतं त्याच्याकडेही गेल्या एप्रिलमध्ये गेलो, दुपारी एक वाजता, गाडी बाजूला लावून. त्याने मुरघासाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘शनिवारी किती वाजता येणार?’ हंगाम तर नुकताच संपलेला. जुलैपर्यंत थांबावं लागेल म्हटल्यावर तो हसला आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन ढिगावर चढला.